कच्ची वही

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलन व पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)





 आताच आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव केला. त्यांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे मी मनापासून अभिनंदन करतो. परंतु आज मी जे बोलणार आहे, ते ज्यांचे नाव व्यासपीठावरून पुकारले गेले नाही त्यांच्यासाठी आहे. बक्षीस घेऊन गेलेल्या मुलांनीही ते ऐकावे, कारण ज्या दुखण्याविषयी मी बोलणार आहे ते हुशार मुलांनाही तितकेच जडते.

हे दुखणे म्हणजे चुकण्याची भीती. जे करायचे ते पहिल्याच झटक्यात बिनचूक झाले पाहिजे, नाहीतर करूच नये, असा हट्ट. या हट्टाला आपण बऱ्याचदा सद्गुण समजतो. मीही समजत होतो. म्हणून सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासूनच करतो.

मी तीस वर्षांहून अधिक काळ गणित शिकविले. शिस्तीचा शिक्षक म्हणून माझा लौकिक होता. वहीत खाडाखोड दिसली की पानाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मी लाल रेघ ओढीत असे आणि ते पान पुन्हा लिहून आणायला सांगत असे. माझ्या वर्गाच्या वह्या तपासणीस आलेल्या साहेबांना कौतुकाने दाखविल्या जात. पालकही खूष असत.

दहावीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील होडीवर जात. मुलगा शांत, अक्षर मोत्यासारखे. पूर्वपरीक्षेच्या गणिताच्या पेपरात त्याने भूमितीच्या दोन प्रश्नांची जागा कोरी सोडली. मी त्याला बोलावून विचारले, "प्रमेय येत नव्हते का?"

"येत होते, सर. शेवटच्या दोन पायऱ्या आठवत नव्हत्या."

"मग आठवत होते तेवढे तरी लिहायचे!"

तो खाली मान घालून म्हणाला, "अर्धवट राहिले असते, सर. मग खोडावे लागले असते."

मी त्याला रागावलो आणि विसरून गेलो. बोर्डाच्या परीक्षेत तो गणितात नापास झाला. पुन्हा बसलाच नाही. मुंबईला एका बेकरीत कामाला लागला, असे नंतर कळले. पंधरा-सोळा वर्षांनी तो आपल्या मुलीला पाचवीत घालण्यासाठी शाळेत आला. माझ्याशी अदबीने बोलला. निघताना दारात थांबला आणि म्हणाला, "सर, एक विनंती आहे. हिच्या वहीत खाडाखोड झाली तर होऊ द्या."

एवढेच बोलून तो गेला. त्या दिवशी पुढच्या तासाला वर्गात गेलो, तेव्हा खिशातला लाल पेन बाहेर काढण्याचे धैर्य मला झाले नाही. तो मुलगा प्रमेयात नापास झाला नव्हता. खोडण्याच्या भीतीने नापास झाला होता, आणि ती भीती मी त्याला शिकविली होती.

मित्रहो, पूर्वी शाळेत प्रत्येकाकडे दोन वह्या असत. एक कच्ची आणि एक पक्की. कच्च्या वहीत आकडेमोड करायची, चुकायचे, खोडायचे, पुन्हा करायचे. आणि जमले की पक्क्या वहीत उतरवायचे. शिंपीही कापडाला आधी कच्चा टाका घालतो, अंगाला लावून पाहतो, मग मशीन चालवतो. पहिल्याच टाक्याला पक्की शिलाई मारणारा शिंपी आपण कधी पाहिला आहे काय? पण मुलांच्या बाबतीत मात्र आपण कच्ची वही काढून घेतली. आम्ही शिक्षकांनी वर्गात काढून घेतली, तुम्ही पालकांनी घरात काढून घेतली. मुलाने जे काही करायचे ते पक्क्या वहीतच करायचे, असा दंडक आपण घातला. मग मुले लिहीतच नाहीत, यात नवल काय?

येथे एक गैरसमज होऊ नये. मी गबाळेपणाची वकिली करीत नाही. औषधाच्या दुकानात गोळ्या देणाऱ्याने चुकून चालणार नाही. पूल बांधणाऱ्या इंजिनियरचे गणित चुकून चालणार नाही. परंतु बिनचूकपणा हा शेवटच्या पायरीचा गुण आहे, पहिल्या पायरीचा नव्हे. ज्याने कॉलेजात शेकडो आकृत्या खोडल्या, त्याचाच पूल पुढे उभा राहतो. मेहनती विद्यार्थी स्वतःला विचारतो, "हे अधिक चांगले कसे होईल?" भ्यालेला विद्यार्थी विचारतो, "लोक काय म्हणतील?" बाहेरून दोघेही सारखेच दिसतात. दोघेही रात्री जागतात, दोघेही पाने फाडतात. फरक हा की पहिल्याचे काम पुरे होते आणि दुसऱ्याचे सुरूच होत नाही. "अजून तयारी झाली नाही, पुढच्या वर्षी फॉर्म भरतो," असे म्हणणाऱ्या कितीतरी मुलांना आपण सुस्त समजतो. त्यांतील पुष्कळ सुस्त नसतात. ती घाबरलेली असतात.

आपल्या दीनमध्ये या बाबतीत काय शिकवण आहे, तेही पाहावे. नमाज ही आपली सर्वांत महत्त्वाची इबादत. तीत उभा असलेला माणूसही विसरतो. रकअती किती झाल्या याचा घोळ होतो, बैठक राहून जाते. त्यासाठी सजदा-ए-सहव सांगितलेला आहे. अखेरीस दोन सजदे जादा करावयाचे आणि नमाज पुरी करावयाची. कोणत्या चुकीला तो पुरतो आणि कोणत्या चुकीला नमाज पुन्हा पढावी लागते, हा तपशील मौलवीसाहेब सांगतील. माझा मुद्दा एवढाच की अल्लाहपुढे उभे असतानाही माणूस चुकेल हे गृहीत धरलेले आहे, आणि चुकीची दुरुस्तीही त्याच इबादतीचा भाग केलेली आहे. चूक झाली म्हणून मुसल्ला गुंडाळून उठून जा, असे आपल्याला कोणी शिकविलेले नाही.

दुसरी गोष्ट कुराण पठणाची. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या एका हदीसचा आशय असा आहे की, पठणात निष्णात असणाऱ्याचा दर्जा मोठा आहेच. पण जो अडखळत, कष्टाने पठण करतो त्याला दुहेरी सवाब आहे. मकतबात कायदा घेऊन बसलेल्या सहा वर्षांच्या पोराला हे सांगून पाहा, त्याचा चेहरा खुलेल. मग हाच उदारपणा आपण इंग्रजी वाचताना अडखळणाऱ्या मुलाला का दाखवीत नाही? वर्गात तो एक शब्द चुकीचा उच्चारतो आणि सगळी मुले हसतात. त्या हसण्यानंतर तो वर्षभर तोंड उघडत नाही.

आता मी तुम्हाला एका मोठ्या माणसाची कच्ची वही दाखवितो. पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचे नाव आपण ऐकलेले आहे. 1958 साली पद्मभूषण, 1976 साली पद्मविभूषण, एस. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ, ही झाली त्यांची पक्की वही. ती सर्वांना पाठ असते. पण त्या आधीची पाने कोणी उलटीत नाही.

सालिम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. वडील लहानपणीच गेले, तिसऱ्या वर्षी आईही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीच्या घरी सांभाळ केला. डोकेदुखीच्या त्रासामुळे शाळा वरचेवर बुडे. 1913 साली ते मॅट्रिक झाले, तेही जेमतेम. कॉलेजचे पहिले वर्ष जड गेले म्हणून ते सोडून ब्रह्मदेशात घरच्या धंद्यावर गेले. तेथील धंदा चालला नाही, म्हणून परत आले. पक्ष्यांचा ध्यास होता, परंतु विद्यापीठाची रीतसर पदवी नाही म्हणून सरकारी प्राणिशास्त्र खात्यातील पक्षीतज्ज्ञाची जागा मिळाली नाही. पुढे 1926 साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात व्याख्याता म्हणून नोकरी लागली. 1928 साली रजा काढून ते जर्मनीत शिकायला गेले. 1930 साली परत येऊन पाहतात तो पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली!

म्हणजे वयाची तिशी उलटलेली, पदरी संसार, हातात पदवी नाही आणि नोकरीही नाही. आपल्या मोहल्ल्यात असा तरुण असता तर आपण काय म्हटले असते, हे मी सांगायला नको.

सालिम अली बेगम तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. तेथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात ते तिच्यापुढे बसून राहिले आणि जे दिसेल ते टिपत गेले. त्या निरीक्षणांतून त्यांनी या पक्ष्याच्या कुटुंबपद्धतीविषयी जे शोधून काढले, त्याने त्यांचे नाव जगातल्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले. नोकरी गेली नसती तर किहीमचा तो पावसाळाही मिळाला नसता.

त्या पक्ष्याची गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट ऐकावी. नावावरून आपण समजतो की घरटे मादी विणते. वास्तविक विणकाम करतो तो नर. गवताच्या, भाताच्या पात्याच्या, माडा-शिंदीच्या झावळीच्या बारीक पट्ट्या फाडून तो आणतो. एका घरट्यासाठी त्याला शेकडो खेपा घालाव्या लागतात. पण तो घरटे एकदम पुरे करीत नाही. उलट्या टोपीसारखा आकार झाला की थांबतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, विणकाम तपासते. पसंत पडले तर तेथे राहते, आणि मग नर खालची लांब नळी विणून घरटे पुरे करतो. पसंत पडले नाही तर ती उडून जाते. पुष्कळदा ते घरटे तसेच अर्धवट राहते आणि नर दुसरे विणायला घेतो.

विहिरीवरच्या बाभळीला किंवा शिंदीला अशी अर्धवट घरटी लोंबताना आपण सर्वांनी पाहिली असतील. मी लहानपणी समजत असे की वाऱ्याने ती मोडली. नाही! ती त्या पक्ष्याची कच्ची वही आहे. अर्धे काम तो चारचौघांत उघड्यावर टांगतो, नकार घेतो आणि पुन्हा पाते फाडायला जातो. ज्याचे विणकाम पाहून आपण तोंडात बोट घालतो, त्या कारागिराची ही रीत आहे.

पालक मंडळी मनात म्हणत असतील, "सर, सालिम अलींचे घराणे मोठे होते. पडले तर सावरायला माणसे होती. आमच्या मुलांना एकच संधी मिळते." हे खरे आहे. ज्या घरात फीचे पैसे जुळविताना आईच्या हातातली बांगडी जाते, त्या घरातल्या मुलाला चुकण्याची भीती वाटणारच. ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मुलींच्या बाबतीत तर ती दुप्पट खरी आहे. मुलगा नापास झाला तर "पुन्हा बस" म्हणतात. मुलगी नापास झाली तर "आता बस झाले" म्हणतात, आणि स्थळे पाहायला सुरुवात होते. एका विषयातल्या चार-पाच गुणांवर जिचे सगळे शिक्षण टांगलेले आहे, ती मुलगी निर्धास्तपणे प्रश्न कसा विचारील? म्हणून भीती सोडा असे मुलांना सांगण्यापूर्वी, भीतीचे कारण काढून टाकणे हे पालकांचे काम आहे. आपल्या मुलीला आजच घरी जाऊन सांगा की, "एकदा नापास झालीस तरी तुझी शाळा सुटणार नाही." बोर्डाची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. सरकारने दुसरी संधी ठेवली आहे. घराने ती नाकारू नये.

"वर्ष वाया गेले" हा आपल्याकडचा मोठा बागुलबुवा. बद्रुद्दीन तय्यबजी इंग्लंडमध्ये कायदा शिकत असताना डोळ्यांच्या विकारामुळे 1864 च्या अखेरीस अभ्यास अर्धवट टाकून मुंबईस परतले. सुमारे वर्ष गेले. 1865 च्या अखेरीस ते पुन्हा गेले आणि 1867 साली बॅरिस्टर झाले. पुढे 1874 साली ज्यांनी मुंबईत अंजुमन-इ-इस्लामची स्थापना केली त्यांपैकी ते एक. 1887 साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. त्यांचे ते एक वर्ष आज कोणाच्या लक्षात आहे?

पालकांना आणखी एक सांगावेसे वाटते, ते कौतुकाविषयी. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाचवीच्या वयाच्या मुलांना त्यांनी कोडी घातली. कोडी सुटल्यावर काही मुलांना म्हटले, "तू फार हुशार आहेस", काहींना म्हटले, "तू फार मेहनत घेतलीस." नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली, ती कोणालाच नीट जमली नाहीत. अखेरीस पुन्हा सोपी कोडी दिली. तेव्हा मेहनतीबद्दल कौतुक झालेली मुले आधीपेक्षा पुढे गेली, आणि हुशारीबद्दल कौतुक झालेली मागे पडली. इतकेच नव्हे, तर आपले गुण फुगवून सांगण्याचा मोह हुशार ठरविलेल्या मुलांना अधिक झाला. कारण उघड आहे. हुशार ही पदवी एकदा मिळाली की ती जाण्याची धास्ती लागते. पाहुण्यांसमोर "आमची लेक कधी चुकतच नाही" असे आपण कौतुकाने म्हणतो. त्या क्षणी तिच्या डोक्यावर केवढे ओझे ठेवले जाते, हे आपल्या ध्यानात येत नाही. त्याऐवजी "काल जमत नव्हते, आज जमले" असे म्हणा.

आणि निकालाच्या दिवसाविषयी. दरवर्षी निकाल लागला की वर्तमानपत्रात एखादी अशी बातमी येते की ती वाचवत नाही. कोणाचे तरी मूल घरी जायला भ्याले. म्हणून निकालाच्या आधीच मुलांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा: निकाल कसाही लागो, तू घरी ये. आम्ही जेवायला तुझी वाट पाहत असू.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी चार गोष्टी.

पहिली, प्रत्येक विषयाची एक कच्ची वही ठेवा. ती कोणाला दाखवायची नाही. तीत अक्षर वाईट चालेल, खाडाखोड चालेल. निबंध लिहायचा असेल तर घड्याळ लावून वीस मिनिटांत जसा सुचेल तसा लिहून काढा. दुरुस्ती नंतर करा. लिहिताना एकीकडे दुरुस्ती करू लागलात तर पहिल्या वाक्यावरच अडून बसाल.

दुसरी, उत्तर पूर्ण येत नसेल तर येते तेवढे लिहा. गणितात पायऱ्यांना गुण असतात. तीन पायऱ्या लिहिणाऱ्याला परीक्षक काहीतरी देऊ शकतो. कोऱ्या जागेला कितीही दयाळू परीक्षक काही देऊ शकत नाही.

तिसरी, चूक झाली की तिच्यावर रडत बसू नका आणि ती लपवूही नका. ती लिहून ठेवा. वहीच्या शेवटच्या पानांवर आपल्या चुकांची यादी करा: वजाबाकीत हातचा विसरलो, प्रश्न अर्धाच वाचला, एकक लिहायचे राहिले. महिन्याभराने ती यादी वाचा. त्याच त्या चार-पाच चुका आपण पुन्हा पुन्हा करतो, असे दिसून येईल. शंभर चुकांची भीती वाटते, पण चार चुकांवर इलाज करता येतो.

चौथी, वर्गात प्रश्न विचारा. प्रश्न वेडावाकडा असला तरी विचारा. आणि दुसऱ्याने विचारला तर हसू नका. तुमच्या एका हसण्याने शेजारच्या बाकावरच्या मुलाचे वर्ष बिघडू शकते.

माझ्या त्या विद्यार्थ्याची मुलगी माझ्या वर्गात दोन वर्षे होती. गणितात ती फार वर आली, असे सांगितले तर गोष्ट गोड होईल. पण तसे झाले नाही. ती मध्यम होती. तिची वही मात्र शेवटपर्यंत भरलेली असे, खोडून खोडून काळी झालेली, आणि एकही प्रश्न ती कोरा सोडत नसे. दहावी ती पहिल्याच खेपेस पास झाली. तिचे वडील पेढे घेऊन आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "हे पेढे वास्तविक मी तुम्हाला द्यायला हवेत."

माझ्या हातून जी वही हिसकावली गेली, ती मी आता त्यांना परत देऊ शकत नाही. परंतु आज येथे बसलेल्या प्रत्येक शिक्षकाला आणि पालकाला माझी हात जोडून विनंती आहे की, आपापल्या मुलांची कच्ची वही त्यांना परत द्या. अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो, आणि आपल्याला त्यांच्या चुका पोटात घालण्याइतके मोठे मन देवो. आमीन.